एका वेळी एकच ओळ

दादरला एस.टी.त बसा. खिडकी मिळाली तर उत्तम, कारण वाशीच्या खाडीवरून जाताना शेजारी रेल्वेचा नवा पूल दिसेल. त्यावरून अजून प्रवाशांची लोकल गेलेली नाही. मानखुर्द-वाशी गाडी सुरू होईल पुढच्या मे महिन्यात, आणि हार्बरची लोकल पनवेलला पोचायला १९९८ उजाडेल. तुम्ही आहात २७ डिसेंबर १९९१च्या संध्याकाळी, शुक्रवारी. बेलापूर ओलांडलं की दिवे विरळ होतात. खारघर म्हणजे भातखाचरं आणि त्यांच्यामागे काळा डोंगर. कळंबोली येते, जाते, आणि कंडक्टर पनवेलचा पुकारा करतो.

स्थानकाबाहेर पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ आहे, त्याच्यापुढे रांग आहे. घरी फोन असणं ही अजून नशिबाची गोष्ट. अर्ज करून वर्षानुवर्षं थांबलेली घरं या गावात गल्लोगल्ली आहेत. विदेश संचार निगमचं इंटरनेट सामान्य माणसाला मिळायला १५ ऑगस्ट १९९५ यावा लागेल. टपाल नाक्यावरून वडाळे तलावाच्या दिशेने चाला. हवेत गारवा आहे आणि कुठूनतरी वालाच्या शेंगांचा वास येतोय. एका जुन्या दुमजली घराच्या गच्चीवर लोखंडी पाइप उभा दिसेल, टोकाला ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा ॲंटेना. तिथेच थांबा.

हे घर आणि त्यातली माणसं मी तुमच्यासाठी उभी केली आहेत, पत्ता शोधत बसू नका. पण इथली यंत्रं, नियम, आकडे आणि आज रात्री डोक्यावरून जाणारा माणूस, हे सगळं खरं आहे.

जिना चढताना काकू म्हणतात, "या, या. ते वरच आहेत. चहा घेऊन येते." खोलीत शिरताच तापलेल्या ट्रान्सफॉर्मरचा आणि जुन्या कागदांचा वास येतो. हौशी रेडिओचालक अशा खोलीला शॅक म्हणतात. भिंतीवर बोलणं झाल्याची पोच म्हणून आलेली देशोदेशीची क्यूएसएल कार्डं, टेबलावर जाड पुठ्ठ्याची लॉगबुक, आणि टेबलाखाली बारा व्होल्टची बॅटरी, कारण वीज मंडळाचा भरवसा संध्याकाळी धरता येत नाही. काका मान न वळवता खुर्ची पुढे सरकवतात. "बसा. कोपर त्या वायरीला लावू नका फक्त."

त्यांच्यासमोर पिवळट अक्षरांचा एकरंगी पडदा असलेला पीसी-एक्सटी आहे. त्याच्या बाजूला पुस्तकाएवढी एक पेटी, पुढच्या पट्टीवर पाच बारके दिवे. ही पेटी म्हणजे टीएनसी. आत झेड-एटी प्रोसेसर आहे आणि मोडेम आहे. संगणकाकडून आलेल्या अक्षरांचे ती दोन सूर करते, १२०० आणि २२०० हर्ट्झचे, आणि ते सूर रेडिओच्या माइकच्या वाटेने हवेत सोडते. रेडिओचा आवाज थोडा वाढवला की ऐकू येतं: मांजरपाट फाडल्यासारखा फर्र्र आवाज, अर्ध्या सेकंदाचा. मग शांतता. मग दुसरीकडून उत्तराचा तसाच, पण आखूड आवाज. सेकंदाला १२०० बिट. तुमच्या खिशात जे यंत्र असतं त्याच्या मानाने हा वेग काहीच नाही, पण इथे बसलात की लवकरच कळेल, सगळी मौज या वेगातच आहे.

आता दिव्यांकडे पाहा. 'डीसीडी' लागला म्हणजे हवेत दुसरं कुणी बोलतंय, गप्प बसा. 'पीटीटी' लागला म्हणजे आपण बोलतोय. 'कॉन' म्हणजे कुणाशी तरी जोडणी झाली आहे. आणि 'एसटीए' लागून राहिला असेल, तर आपण पाठवलेलं पलीकडे पोचल्याची पावती अजून आलेली नाही. काका बोलताना पडद्यापेक्षा या दिव्यांकडेच जास्त पाहतात.

साडेसहाला पडद्यावर पहिली ओळ उमटते: उरण जोडलं गेलं. मग डोंबिवली. मग दादर. खोपोलीला तीनदा प्रयत्न करावा लागतो. कॉलसाइन, म्हणजे परवान्याबरोबर मिळणारी नावं, सगळ्यांची 'व्हीयू'ने सुरू होतात; मी इथे गावांच्याच नावांनी त्यांना हाक मारतो. हा काकांचा निरोपांचा फलक आहे. दिवसभर कुणीही जोडून घ्यावं, यादी मागावी, निरोप वाचावेत, दुसऱ्यासाठी ठेवावेत. आणि ठरलेल्या संध्याकाळी सगळ्यांनी एकाच वेळी जोडून घेऊन कॉन्फरन्समध्ये शिरावं. एकानं लिहिलेलं सगळ्यांना दिसतं.

ऐकायला सोपं आहे. हे करायला यंत्राला किती कष्ट पडतात ते पाहण्यासाठीच मी तुम्हाला इथवर आणलं.

अक्षरांचे असे छोटे गठ्ठे, म्हणजे पॅकेटं, पाठवणाऱ्या या पॅकेट रेडिओचा करार एएक्स-पंचवीस या नावाने चालतो. त्याची दुसरी आवृत्ती १९८४ साली अमेरिकेत छापली गेली. त्यात जोडणी फक्त दोघांची असते. प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचं कॉलसाइन असतं, घेणाऱ्याचं असतं, मग मजकूर, आणि शेवटी सोळा बिटांची पडताळणी. पडताळणी चुकली की पॅकेट फेकून दिलं जातं, पावती जात नाही, आणि पाठवणारा थोडं थांबून तेच पुन्हा पाठवतो. म्हणजे पाच जणांच्या गप्पांसाठी काकांच्या संगणकाने उरणची ओळ एकदा घ्यायची, मग डोंबिवलीला वेगळी पाठवायची, दादरला वेगळी, खोपोलीला वेगळी, प्रत्येकाची पावती घ्यायची. तीच एक फ्रिक्वेन्सी, तोच एक रेडिओ. उरणने नुसतं "हो" लिहिलं तरी ते 'हो' सगळ्यांपर्यंत नेऊन पोचवायला हवेतली चार-पाच सेकंदं खर्ची पडतात. ओळ लांब असेल, मध्ये टक्कर झाली असेल, तर वीस सेकंद. तेवढा वेळ बाकीच्यांनी थांबायचं.

टक्कर कशी होते ते डोंबिवली आणि उरण तुम्हाला दाखवतील. डोंबिवलीहून तळोज्याच्या बाजूने पनवेलला मोकळी वाट आहे. उरणहून खाडीपलीकडून पनवेल सरळ दिसतं. पण डोंबिवली आणि उरण यांच्यामध्ये पारसिक-खारघरचा डोंगर आडवा आहे. दोघांनाही पनवेल स्वच्छ ऐकू येतं, एकमेकांचं अजिबात नाही. डोंबिवलीच्या पेटीला वाटतं हवा रिकामी आहे, ती बोलायला लागते. त्याच क्षणी उरणच्या पेटीलाही तसंच वाटतं. दोन्ही पॅकेटं पनवेलला एकमेकांवर आदळतात आणि दोन्ही मरतात. पडद्यावर काहीच येत नाही, फक्त 'डीसीडी' बराच वेळ लागून राहतो. "बघा, दोघं एकदम बोलले," काका सांगतात. आता दोन्हीकडच्या पेट्या थांबतील, पण सारख्याच वेळासाठी नाही. फासे टाकल्यासारखी निवड प्रत्येक पेटी स्वतःशी करते, म्हणून पुढच्या खेपेला एक जण आधी निघतो. हवाई विद्यापीठाने १९७१ साली बेटांमधले संगणक रेडिओने जोडले, त्या अलोहा जाळ्यात हे शहाणपण पहिल्यांदा वापरलं गेलं. तिथलं गणित सांगतं की प्रत्येकजण मनाला येईल तेव्हा बोलू लागला तर हवेचा जेमतेम अठरा टक्के वेळ कामी येतो, बाकीचा टकरींत आणि रिकामा जातो. समुद्राऐवजी मध्ये खारघरचा डोंगर आहे, एवढाच फरक.

उरणच्या ओळी जरा उशिरा येतात, पण येतात. त्यांच्याकडे पूर्ण टीएनसी नाही. जर्मनीतल्या हौशी मंडळींनी काढलेला बेकॉम मोडेम त्यांनी साबणाच्या डबीत बसवला आहे: एक टीसीएम-३१०५ चिप, थोडे रेझिस्टर, आणि वीज संगणकाच्या सीरियल पोर्टमधूनच घेतलेली. बाकी सगळं काम संगणकातला प्रोग्राम करतो. त्या चिपला ४.४३३६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लागतो, आणि तो मिळवायला परदेशी ओळख लागत नाही, कारण आपल्या रंगीत टीव्हीच्या पाल पद्धतीत हीच फ्रिक्वेन्सी वापरतात. लॅमिंग्टन रोडवर टीव्ही दुरुस्तीच्या सामानात तो सापडतो. ज्या कुणाला पहिल्यांदा हे सुचलं असेल, त्याचं मला फार कौतुक वाटतं. दूरदर्शनच्या रंगांसाठी आणलेला क्रिस्टल इथे गावांना एकमेकांशी बोलायला लावतो.

काकू चहा ठेवून पडद्यावर डोकावतात. "उरणकर काय म्हणतायत?"

उरणकर म्हणतायत, रविवारी पोपटी लावायची आहे, म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा भाजायच्या आहेत. मराठीच, पण रोमन अक्षरांत. पेटी देवनागरी अडवत नाही, अक्षर आठ बिटांचं असलं तरी ती निमूट पोचवेल. पण भारतीय लिप्यांचं आयएससीआयआय हे मानक याच वर्षी पक्कं झालं आहे आणि देवनागरी दाखवणारं पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड पाचही घरी असणं अवघड. म्हणून सगळे जण रोमनमध्ये वाल लिहितात, भांबुर्डीचा पाला लिहितात, आणि कुणाचंच काही अडत नाही.

पोपटीची चर्चा बिनतारी यंत्रावर चालते याचं नवल वाटू देऊ नका. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांनी हौशी केंद्रांना बोलायला दोनच विषय दिले आहेत. एक, आपल्या चाचण्यांविषयीचं तांत्रिक बोलणं. दुसरं, असं वैयक्तिक बोलणं की जे बिनमहत्त्वाचं आहे म्हणूनच त्यासाठी सार्वजनिक दूरसंचारसेवा वापरणं योग्य ठरणार नाही. धंद्याचं बोलायचं नाही, पैशाचा व्यवहार करायचा नाही, आणि गुप्त सांकेतिक भाषा तर मुळीच नाही. ज्याचा रेडिओ या फ्रिक्वेन्सीवर आहे त्या प्रत्येकाला हे वाचता आलं पाहिजे. मोर्सची टकटक शिकून, परीक्षा देऊन, मग दिल्लीहून परवाना येईपर्यंत महिनोन्महिने थांबून या मंडळींनी जो हक्क मिळवला, तो बिनमहत्त्वाचं बोलण्याचा हक्क आहे. तो ते किती मनापासून वापरतात पाहा. दादरचे गृहस्थ विचारतात, डोंबिवलीच्या मुलाचा पाय कसा आहे. डोंबिवली उत्तर देते, प्लॅस्टर निघालं. बस, एवढंच. पण या ओळीसाठी उरणने आपली ओळ मागे ठेवली, खोपोलीने ठेवली, आणि पावती आल्याशिवाय कुणी पुढे सरकलं नाही.

मला या गप्पांबद्दल सांगायचं आहे ते हेच. ओळ महाग असली की माणूस ती दुसऱ्याचा विचार करून लिहितो. इथे कुणी अर्धं वाक्य पाठवून उरलेलं मागाहून पाठवत नाही, कारण ते मागाहून येणारं चार घरांत चार वेळा जाणार आणि तेवढा वेळ दुसऱ्या कुणाचं तोंड बंद राहणार, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असतं. आणि नाव लपत नाही. कॉलसाइन प्रत्येक पॅकेटच्या पुढे चिकटलेलं असतं. एकदा चिडून लिहिलंत तर तुमच्या नावासकट ते उरणपासून खोपोलीपर्यंत जाईल आणि काकांच्या लॉगबुकात वेळेसह नोंद राहील. सभ्यता यांना कुणी शिकवली नसेल असं नाही, पण या वाटेने ती रोज वापरावी लागते.

साडेसहा ते सात असंच चालतं. मग खोपोली विचारते: "आज किती वाजता?"

काका भिंतीवर लावलेला छापील कागद पाहतात. संगणकाने काढलेलं कोष्टक आहे ते, 'मीर' या अंतराळस्थानकाचं. पनवेलच्या आकाशात आज सव्वासातच्या सुमारास, वायव्येकडून आग्नेयेकडे, जेमतेम दहा मिनिटं. मीर सुमारे ३९० किलोमीटरवरून जातं, दीड तासात पृथ्वीला एक फेरी मारतं, आणि त्याच्या आत एक दोन-मीटर बँडचा रेडिओ आणि एक टीएनसी आहे, काकांच्या पेटीच्याच जातीची. या वर्षाच्या सुरुवातीला मुसा मानारोव या अंतराळवीराने तिथून पॅकेट सुरू केलं. त्या पेटीत निरोपांचा एक छोटा फलक आहे. जमिनीवरचा कुणीही हौशी रेडिओचालक १४५.५५० मेगाहर्ट्झवर जोडून घेऊ शकतो, निरोप ठेवू शकतो, ठेवलेला वाचू शकतो. आकाशातला फलक, पण एका वेळी फक्त एकाला दार उघडणारा.

आणि आत्ता तिथे सर्गेई क्रिकालेव आहे. रेडिओवर तो 'यू-फाइव्ह-मीर'. लेनिनग्राडचा मुलगा, मे महिन्यात सोव्हिएत संघातून वर गेला. ऑक्टोबरात परतायचं होतं. खाली सगळंच हलत होतं, बदली माणूस पाठवण्याचा बेत फिरला, आणि त्याला सांगितलं गेलं की अजून राहा. तो राहिला. सप्टेंबरात त्याच्या गावाचं नाव सेंट पीटर्सबर्ग झालं. दोन दिवसांपूर्वी, २५ तारखेच्या रात्री, क्रेमलिनवरचा लाल झेंडा उतरला. त्याच्या कॉलसाइनमधलं पहिलं अक्षर ज्या देशाचं, तो देश कालपासून नाही. सोबतीला अलेक्सांद्र वोल्कोव आहे, बाकी कुणी नाही. या सगळ्या काळात ऑस्ट्रेलियातल्या मार्गारेट याक्विंटो नावाच्या हौशी रेडिओचालक बाई त्याच्याशी नेमाने बोलत राहिल्या, आवाजाने आणि पॅकेटनेही, आणि त्याच्या सरकारने न सांगितलेल्या बातम्या त्याला त्यांच्याकडून कळत गेल्या. याच बिनमहत्त्वाच्या बोलण्यासाठी राखलेल्या फ्रिक्वेन्सीवर.

आज पाळी खोपोलीची आहे. पाचही जण एकदम हाका मारू लागले तर कुणाचंच पोचणार नाही, म्हणून पाळी. आणि मीरवरून खाली ऐकू येणारा टापू सुमारे बावीसशे किलोमीटर त्रिज्येचा आहे. कोलंबो, मस्कत, काठमांडू, सगळे त्यात येतात. तिथलेही हाका मारत असतील. मिळाली तर खोपोलीला एका ओळीपुरती संधी मिळेल. मग लिहायचं काय, हे पाच जणांनी मिळून आत्ता ठरवायचं आहे, पंधरा मिनिटांत, आणि प्रत्येक ओळीला पंधरा-वीस सेकंद मोजून.

पडदा वाचत राहा.

दादर लिहितं, आपण भारतातर्फे सहानुभूती कळवू. फर्र्र. पावत्या. डोंबिवली लिहिते: देशाचा विषय नको, राजकारण होईल आणि त्यालाही बरं वाटणार नाही. हे पोचायला वेळ लागतो, 'एसटीए'चा दिवा अडकून बसतो, उरणचं पॅकेट मध्ये आपटलं असावं. काका कपाळाला हात लावून वाट पाहतात, पण कळीवर बोट ठेवत नाहीत. मग उरणची ओळ येते: त्याला पोपटीला बोलवा. दादरकडून हसण्याचं 'एचआय एचआय' येतं, मोर्सच्या काळापासून रेडिओवाले असंच हसतात. खोपोली लिहिते, इंग्रजी सोपं ठेवा, मला घाईत टंकायचं आहे. दादर पुन्हा: तब्येत विचारा. डोंबिवली: विचारू नका, उत्तर द्यायला त्याचा वेळ जाईल. शुभेच्छा द्या, प्रश्न नको. हे कुणालाच सुचलं नव्हतं, आणि चारही ठिकाणांहून 'हो' येतं. चार 'हो', म्हणजे हवेतली वीस सेकंदं. कुणी कुरकुर करत नाही.

काका तुमच्याकडे वळतात. "पाहुण्यांचं काही म्हणणं? परवाना माझा आहे, तेव्हा टंकणार मी. तुम्ही सांगा."

तुम्हाला जे माहीत आहे ते सांगायला तोंड उघडेल. २५ मार्च १९९२ला तो कझाकस्तानच्या गवताळ माळावर उतरेल, ३११ दिवसांनी, तेव्हा तो माळही दुसऱ्या देशात गेलेला असेल. पण तो पुन्हा वर जाईल, आणि नोव्हेंबर २००० मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकात राहायला जाणाऱ्या पहिल्या तिघांत असेल. त्या स्थानकावरही हौशी रेडिओ असेल. १४५.८२५ मेगाहर्ट्झवर, याच १२०० बिटांच्या वेगाने, 'आर-एस-झिरो-आय-एस-एस' या नावाची पेटी खालून आलेली प्रत्येक ओळ जशीच्या तशी साऱ्या टापूवर परत टाकेल, आणि तेव्हा पाळी लावायची गरजही कमी होईल. ज्याने जे लिहिलं ते एकाच वेळी सगळ्यांना. पण हे काकांना सांगून उपयोग काय? इथे आत्ता एक ओळ हवी आहे.

तुम्ही गच्चीच्या दाराकडे पाहता. चंद्र उगवलेला नाही, आकाश स्वच्छ आहे. आणि तुम्ही सुचवता ते काका टंकतात: तो आज आपल्याला दिसणार आहे, हे त्याला सांगा.

थोडा वेळ काहीच येत नाही. मग खोपोली पूर्ण ओळ लिहून दाखवते. इंग्रजीत, एका पॅकेटात मावेल एवढी: पनवेलच्या आसपासची पाच केंद्रं, भारत, तुम्हाला उत्तम आरोग्य लाभो, आज संध्याकाळी आम्ही तुम्हाला पाहतो आहोत.

ठरलं. सात वाजून आठ मिनिटं. काका कॉन्फरन्स बंद करतात, पाचही रेडिओ १४५.५५०च्या जरा वर सरकवले जातात. स्थानक जवळ येत असताना त्याचा सूर साडेतीन किलोहर्ट्झने चढलेला असतो आणि दूर जाताना तेवढाच उतरतो. ट्यूनिंग पायरीपायरीने खाली आणत न्यावं लागतं. चार घरांतल्या चार पेट्या आता फक्त ऐकतील. काका टीएनसीला ऐकेल ते सगळं छापायला सांगतात आणि तुम्हाला म्हणतात, "गच्चीत जाऊन बघा. दिसलं की ओरडा."

वायव्येला, खारघरच्या काळ्या कडेवरून, एक पिवळसर तारा वर येतो. तो लुकलुकत नाही आणि थांबत नाही. तुम्ही ओरडता. आत रेडिओवर पहिला फर्र्र येतो, कमकुवत, मग स्वच्छ. काका वाचून दाखवतात: यू-फाइव्ह-मीर कुणाशी तरी जोडलेला आहे, श्रीलंकेचं कॉलसाइन दिसतंय. खोपोलीची हाक जाते आणि उत्तर येतं: गुंतलेलं आहे. तारा चढत चढत डोक्यावर येतो. पुन्हा खोपोली. पुन्हा गुंतलेलं. शेजारच्या घरातून टीव्हीचा आवाज येतोय, खाली रस्त्यावरून सायकल जाते. तारा आग्नेयेकडे कलतो, कर्नाळ्याच्या बाजूला, आणि मधेच विझतो. पृथ्वीच्या सावलीत शिरला तो. क्रिकालेव आत तसाच आहे, फक्त स्थानकावर ऊन पडत नाही.

"दिसेनासं झालं!" तुम्ही आत सांगता.

"पण ऐकू येतंय," काका म्हणतात. "या, लवकर या."

पडद्यावर श्रीलंकेची जोडणी सुटल्याची ओळ आहे. आणि तिच्याखाली खोपोलीची हाक, आणि तिच्याखाली मीरची पेटी खोपोलीला होकार देताना. ट्यूनिंग आणखी खाली. फलकाचं स्वागत, अर्धंच. खोपोलीची ओळ जाते. पावती नाही. पेटी आपणहून पुन्हा पाठवते. पावती नाही. काका रेडिओच्या बटणावर बोट ठेवून आहेत, त्यांनी श्वास रोखलाय. तिसऱ्यांदा. आणि मग आखूड फर्र्र, मजकूर नसलेला, एवढंच सांगणारा की पोचलं. पुढच्या पॅकेटाला उत्तर येत नाही, चौथ्या प्रयत्नालाही नाही. क्षितिज आलं.

काका लॉगबुक उघडून वेळ लिहितात, फ्रिक्वेन्सी लिहितात, शेऱ्याच्या रकान्यात 'खोपोली, मीर, पावती मिळाली' लिहितात. मग पेन टोपणात घालून रेडिओ पुन्हा जुन्या जागी आणतात आणि कॉन्फरन्स उघडतात. उरण आधीच वाट पाहत होतं. डोंबिवली येते, दादर येतं. खोपोली जोडायला आज पहिल्याच खेपेला यश येतं आणि ती फक्त एवढं लिहिते: सगळ्यांनी पाहिलं ना?

चार 'हो'. वीस सेकंदं.

मग उरणची ओळ, जी केव्हापासून साबणाच्या डबीत अडून बसली होती: रविवारी संध्याकाळी पाचला, मडकं आणि जागा माझी. शेंगा खोपोलीने आणाव्यात, घाटाखालच्या गोड असतात. भांबुर्डी इथेच बांधावर आहे. दादरने ओवा आणि जाडं मीठ आणावं. पनवेलचे किती जण?

काका जिन्याकडे तोंड करून विचारतात, "अगं, आपण किती?" काकू खालून ओरडतात, "पाहुण्यांना धरून तीन!" काका '३' टंकतात, एंटर दाबतात, आणि पाचही दिव्यांकडे पाहत पावत्यांची वाट पाहू लागतात.